खडक, किल्ला आणि व्याख्यानपीठ : सागरी निसर्गाच्या मराठी कथनाविषयी काही विचार

सोलापूरच्या इतिहासविभागाला समुद्राशी काय कर्तव्य, असा प्रश्न प्रस्तुत विषय प्रथम मांडला तेव्हा एका स्नेह्याने विचारला होता. प्रश्न रास्त आहे. पर्जन्यछायेतल्या या माळरानावरून सह्याद्रीच दिसत नाही, मग त्यापलीकडील दर्याची गोष्ट कोठली! परंतु प्रश्न केवळ भूगोलाचा नाही. किनाऱ्यावरील निसर्गसंपत्तीचे रक्षण आणि तेथील स्थानिक इतिहास या दोन विषयांवर गेल्या पाऊणशे-शंभर वर्षांत मराठीत काय बोलले गेले, कोणासमोर बोलले गेले, आणि जे बोलले गेले नाही त्याची किंमत कोणाला द्यावी लागली, हा विचार करू लागलो की मालवणची कथा आणि सोलापूरच्या माळढोकाची कथा एकमेकींजवळ येऊन उभ्या राहतात. त्या सान्निध्याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

मराठीतील सार्वजनिक व्याख्यानाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयातील तरुणांच्या पुढाकाराने १८४८ साली विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिच्या मराठी व गुजराती शाखा ज्ञानप्रसारक सभा या नावाने कार्य करू लागल्या. मराठी सभेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे होते. सभेत निबंध वाचावयाचा, त्यावर चर्चा व्हावयाची आणि मग तो 'मराठी ज्ञानप्रसारक' या मासिकातून लोकांपुढे जावयाचा, असा क्रम असे. विषयांना सोवळेओवळे नव्हते. विज्ञान, नीती, इतिहास, आरोग्य हे सारे एकाच पंक्तीला बसत. १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहून स्थानिक इतिहासाचा मराठीत पाया घालणारे गोविंद नारायण माडगांवकर हे याच वातावरणात वाढलेले लेखक होते. ज्ञान आपल्या भाषेत आले पाहिजे आणि ते मोठ्याने बोलून दाखविले पाहिजे, ही त्या पिढीची श्रद्धा होती.

पुढे पस्तीस वर्षांनी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आठ गृहस्थ एकत्र जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांपैकी सहा इंग्रज व दोन एतद्देशीय होते. एतद्देशीयांपैकी एक डॉ. सखाराम अर्जुन हे वनस्पतींचे जाणकार वैद्य, आणि दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग. प्रार्थनासमाजाचे संस्थापक म्हणून आत्मारामपंतांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. ते दादोबांचे धाकटे बंधू होत, ही गोष्ट मात्र या संदर्भात सहसा ध्यानात घेतली जात नाही. एकाच घरातील थोरल्या भावाने मराठी व्याख्यानसभेचे अध्यक्षस्थान भूषविले आणि धाकट्याने निसर्गेतिहासाच्या मंडळाच्या स्थापनेस हात लावला. या दोन संस्था एकत्र आल्या असत्या तर! पण ते घडले नाही. १८८६ पासून निघू लागलेले सोसायटीचे नियतकालिक इंग्रजीत होते, सभासदांच्या बैठकी इंग्रजीत होत, आणि त्यातून जे अमोल ज्ञान साठत गेले ते मराठी श्रोत्याच्या कानावर क्वचितच पडले.

इकडे मराठी व्याख्यानपीठ आपल्या वाटेने चालले होते. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिचे अनुकरण पुढे महाराष्ट्रभर, लहानमोठ्या शहरी, वाचनालयांच्या अंगणी व देवळांच्या सभामंडपी झाले. आपले सोलापूरही या बाबतीत मागे नाही. निर्मलकुमार फडकुले यांच्यासारख्या वक्त्यांची व्याख्याने ज्यांनी ऐकली त्यांना या शहराच्या श्रवणभक्तीविषयी वेगळे सांगावयास नको. पण या व्याख्यानमालांचे मुख्य अन्न राजकारण, समाजसुधारणा, संतवाङ्मय आणि इतिहास हे राहिले. निसर्ग अगदीच वगळला गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात १९२८ साली 'सृष्टिज्ञान' मासिक निघाले, १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, आणि दोहोंनी निष्ठेने काम केले. तरीही शास्त्राचा श्रोता वेगळा आणि इतिहासाचा श्रोता वेगळा, अशी जी वाटणी एकदा झाली ती मोडली नाही. इतिहासाला हजारांची सभा मिळाली आणि सृष्टिशास्त्राला वर्गातील बाके मिळाली.

याचा परिणाम किनाऱ्याच्या बाबतीत फार ठळक दिसतो. मराठी व्याख्यानात समुद्र येतो तो बहुधा आरमाराच्या पाठीवर बसून येतो. कान्होजी आंग्रे, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांवर उत्तम व्याख्याने झाली आहेत व होत आहेत. त्यांत गलबते आहेत, तोफा आहेत, तह आहेत. पाण्याखाली काय आहे ते मात्र नाही. आता सिंधुदुर्गाचेच उदाहरण पाहू. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला व सुमारे तीन वर्षांत, १६६७ च्या सुमारास, तो उभा राहिला. सुमारे ४८ एकरांचा विस्तार, नागमोडी तट, जवळ जाईपर्यंत न दिसणारा दरवाजा, आणि खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरी. हे सारे वर्णन आपल्या परिचयाचे आहे. परंतु ही जागा निवडली का? १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी व सावंतवाडीच्या गॅझेटियरमध्ये मालवणच्या बंदराविषयी जे लिहिले आहे त्याचा आशय असा की, हा उपसागर खडकांच्या रांगांनी जवळजवळ अडवून टाकलेला आहे. किल्ल्याचा खरा पहिला तट हाच. पाण्याच्या पृष्ठभागाखाली दडलेल्या या खडपांमधून वाट काढणे ज्याला ठाऊक आहे त्यालाच किल्ल्याशी जाता येते, परक्या जहाजाचा तळ मात्र फुटतो. बेटावर चढविलेला दगडी तट हा निसर्गाने आधीच घातलेल्या तटाच्या आतला दुसरा तट होय.

हाच खडक जीवशास्त्रज्ञालाही प्रिय आहे, आणि त्याची कारणे निराळी आहेत. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील व उथळ पाण्याखालील या खडकांवर प्रवाळ आहेत, समुद्रशैवालांची राने आहेत, शिंपले, समुद्रकाकड्या, खेकडे व नाना जातींच्या माशांची पिले त्यांच्या आडोशाने राहतात. पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळ फारसे नाहीत अशी जी समजूत होती तिला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील कासिम व वफर यांनी १९७९ साली धक्का दिला. त्यांनी या किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे प्रसिद्ध केले व त्यांत मालवणचा समावेश होता. म्हणजे ज्या खडकामुळे शत्रूचे जहाज आत येऊ शकत नव्हते त्याच खडकाच्या आश्रयाने मासळीची पैदास होत होती, आणि त्या मासळीवर मालवणचा कोळी-गाबीत समाज पोट भरत होता. इतिहासकार, जीवशास्त्रज्ञ आणि मच्छीमार हे तिघेही एकाच खडकाविषयी बोलत होते, पण तिघांची सभा कधी एकत्र भरली नाही.

या ठिकाणी गॅझेटियरविषयी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. परकीय राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी लिहिलेल्या त्या ग्रंथात किल्ले, जाती, व्यापार, मासे व पक्षी एकाच पुठ्ठ्यात बांधलेले आहेत. रत्नागिरीत अधिकारपदावर असलेले व्हिडाल यांनी दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी त्याच सुमारास प्रसिद्ध केली होती, आणि त्यांच्यासारख्यांच्या माहितीचा त्या खंडाला आधार होता. हेतू कारभाराचा असला तरी दृष्टी अखंड होती. आपण मात्र गॅझेटियरमधून किल्ल्यांची पाने तेवढी उचलली.

असे सर्व घडले असता १३ एप्रिल १९८७ रोजी शासनाने मालवण सागरी अभयारण्य घोषित केले. हे राज्यातील पहिले सागरी अभयारण्य. त्याचे क्षेत्र सुमारे २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यात सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्याभोवती आखलेला आहे. कायदा १९७२ चा, वन्य जीवांच्या संरक्षणाचा. त्याची मांडणी मुख्यतः जंगल डोळ्यांसमोर ठेवून केलेली, आणि तीच पाण्यावर लागू झाली. जंगलाला हद्दीचे दगड लावता येतात, लाटेवर ते कोठे लावावयाचे? ज्या पाण्यात पिढ्यान् पिढ्या रापण ओढली, त्याच पाण्यात आता परवानगीवाचून जाळे टाकणे हा गुन्हा ठरेल की काय, या भीतीने मालवणच्या मच्छीमारांनी विरोध सुरू केला आणि तो दीर्घ काळ टिकला. रापणीचे स्वरूप ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, होडीने किनाऱ्यापासून अर्धवर्तुळाकार लांब जाळे सोडून दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढावयाची, आणि आलेल्या मासळीची वाटणी ठरलेल्या रीतीने करावयाची, अशी ही सामुदायिक मासेमारी आहे. ती किनाऱ्यालगतच होते, आणि संरक्षणाची रेषाही किनाऱ्यालगतच पडली.

विरोध करणाऱ्यांना प्रवाळाचे महत्त्व कळत नव्हते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे व चुकीचेही आहे. खडक मोडला तर मासा जातो, हे रापणकराला कोणा पदवीधराने शिकवावे लागत नाही. यांत्रिक नौका व पर्ससीन जाळी यांच्याविरुद्ध याच पारंपरिक मच्छीमारांनी आवाज उठविला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा आहे, आणि सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी शासनाने पर्ससीन मासेमारीवर कडक निर्बंध घातले, त्यामागे या आवाजाचा मोठा वाटा होता. तेव्हा संरक्षणाला त्यांचा विरोध होता असे म्हणता येत नाही. त्यांच्याशी आधी न बोलता, त्यांच्या भाषेत न सांगता, नकाशावर ओढलेल्या रेषेला तो विरोध होता.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सुमारे १७१५-१६ च्या या ग्रंथातील आरमारविषयक प्रकरणात गलबतांसाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे. सागासारखी झाडे हुजूरच्या परवान्याने तोडावी, अधिक लागल्यास परमुलखातून आणावी; आंबा-फणसासारख्या झाडांना मात्र हात लावू देऊ नये, कारण रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात; एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेले असेल तर त्याच्या धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे, बलात्कार करू नये, असा त्याचा भावार्थ आहे. या उताऱ्याकडे पर्यावरणाचा प्राचीन जाहीरनामा म्हणून पाहण्याची हल्ली फार हौस आहे. ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. अमात्यांना झाडापेक्षा राज्याची चिंता होती, आणि रयत दुखावली तर राज्य टिकत नाही एवढा तो व्यवहार होता. पण त्या व्यवहारातच मुद्दा आहे. आधी राजी करावे, मग घ्यावे, हा क्रम त्यांना ठाऊक होता. १९८७ च्या अधिसूचनेत हाच क्रम उलटा झाला.

आता सोलापूरकडे वळावयास हरकत नाही. १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते. आपल्या संपूर्ण जिल्ह्याच्या निम्म्याहून हे क्षेत्र अधिक भरते. त्यात शेते आली, गावे आली, रस्ते आले. जमिनीच्या खरेदी-विक्रीपासून विहिरी-कालव्यांपर्यंतच्या कामांना अडथळे येऊ लागले आणि ज्या पक्ष्याला शेतकऱ्याने कधी दगड मारला नव्हता तो पक्षी त्याला संकट वाटू लागला. न्यायालयीन प्रक्रियेनंतर २०१२ साली हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. तोवर तीन तपे होत आली होती आणि नान्नजच्या माळावरील माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. रेषा मोठी आखली म्हणून पक्षी वाचला नाही आणि लहान केली म्हणूनही वाचला नाही. मालवण व नान्नज यांत सारखेपणा असा की दोन्ही ठिकाणी ज्ञान होते, कायदाही होता, पण दोहोंमधला दुभाषी नव्हता.

दुभाषी नव्हताच असे म्हणताना एका सोलापूरकराचा अपवाद करणे अगत्याचे आहे. १९३२ साली सोलापुरात जन्मलेले आणि १८ जून २०२५ रोजी सोलापुरातच निवर्तलेले मारुती चितमपल्ली हे वनखात्यात आयुष्य घालविलेले अधिकारी होते. पाखरे, झाडे व वनवासी लोक यांच्या तोंडचे शब्द त्यांनी आयुष्यभर टिपले. २००६ साली सोलापुरात भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. कवी-कादंबरीकारांच्या त्या पीठावर एक वनाधिकारी बसला आणि हजारोंचा समुदाय ऐकावयास बसला, ही घटना मराठी व्याख्यानाच्या इतिहासात महत्त्वाची मानली पाहिजे. १८८३ मध्ये जी वाटणी झाली ती त्या दिवसांपुरती तरी मोडली. चितमपल्लींची सृष्टी जंगल व तळ्यांची होती, दर्याची नव्हती. त्यांच्या तोडीचा समुद्राचा कथक मराठीला अद्याप मिळावयाचा आहे.

किनाऱ्यावर असा प्रयत्न लहान प्रमाणावर झाला तो रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेला २००२ च्या सुमारास तेथील पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी आढळली. अंडी काढून खाण्याची वा विकण्याची वहिवाट होती. संस्थेने बंदी आणली नाही, तशी तिला सत्ताही नव्हती. तिने गावकऱ्यांशी बोलणे आरंभिले, घरटी राखावयास गावातीलच माणसे घेतली, आणि पिले समुद्राकडे जाण्याच्या दिवसांत बाहेरच्या लोकांस बोलावून त्यांची राहण्याजेवण्याची सोय गावकऱ्यांच्या घरीच केली. संध्याकाळी पाहुण्यांना कासवांविषयी माहिती सांगितली जाते, तेव्हा ऐकणाऱ्यांत ज्याच्या अंगणात सभा भरली तो यजमानही असतो. वेळास हे नाना फडणीसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला, पलीकडे हरिहरेश्वर, आणि थोड्या अंतरावर भट पेशव्यांचे श्रीवर्धन. भानू व भट या दोन घराण्यांनी येथूनच घाटावर जाऊन राज्याचा कारभार हाती घेतला. कासव पाहावयास आलेला पाहुणा नानांचे गाव पाहून जातो, आणि इतिहासासाठी आलेल्याला पुळणीवरचे कुंपण दिसते. एका लहान गावात ही गोष्ट साधली म्हणून मालवणसारख्या गजबजलेल्या बंदरात ती तशीच साधेल असे मात्र समजू नये. वेळासला अंड्यांवर कोणाचा संसार उभा नव्हता.

संसार जेथे उभा होता तेथील उदाहरण शेजारच्या गुजरातेत सापडते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या अवाढव्य पण निरुपद्रवी माशाची यकृताच्या तेलासाठी मोठी शिकार होत असे. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. तरी कायद्याने जे साधले नव्हते त्याला २००४ साली रामकथाकार मोरारीबापू यांच्या वाणीने चालना दिली. बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा त्यांनी या माशाला दिली आणि तो 'व्हाली' झाला. जाळे कापून मासा सोडणाऱ्याला शासनाकडून भरपाई देण्याची व्यवस्थाही पुढे झाली, हे सांगणे जरूर आहे. नुसत्या उपमेने फाटलेले जाळे शिवले जात नाही. आपल्याकडे कीर्तनाची परंपरा काही कमी समृद्ध नाही. पूर्वरंगात तत्त्व आणि उत्तररंगात आख्यान ही बांधणी इतकी लवचीक आहे की तिने स्वातंत्र्यचळवळ पचविली, ग्रामस्वच्छता पचविली. खडकाचे आख्यान तिला जड जाईल असे वाटत नाही.

विद्यापीठाच्या विभागाने या बाबतीत काय करावे, याविषयी एक सूचना करून लेखणी थांबवितो. स्थानिक इतिहासावरील व्याख्यानमाला आपण भरवितोच. तीत एका सायंकाळी एकच स्थळ घ्यावे आणि त्यावर दोघांनी बोलावे: एक इतिहासाचा अभ्यासक आणि एक त्या स्थळाच्या सृष्टीचा जाणकार. पहिले स्थळ उजनीचे पाणलोट असण्यास हरकत नाही. तेथे बुडालेल्या गावांचा इतिहास आहे, आणि हिवाळ्यात खाडीकिनाऱ्याशी नाते सांगणारे रोहित पक्षी तेथे उतरतात. समुद्र सोलापूरला येतो तो असा पंखांवरून. दुसरे स्थळ नान्नज. सिंधुदुर्गाची पाळी येईल तेव्हा तिसरा वक्ता मालवणचा एखादा वृद्ध रापणकर असावा. नौकानयनाच्या नकाशांवर त्या बंदरातील खडकांची खोली आकड्यांनी लिहिलेली असते. होडी आत घालणारा माणूस मात्र त्यांना नावांनी ओळखतो, आणि किनाऱ्यावरच्या कोणत्या दोन खुणा एका रेषेत आल्या की सुकाणू वळवावयाचे हे त्याच्या बापाने त्याला सांगितलेले असते. ती नावे व त्या खुणा कागदावर उतरवून घेण्याचे काम त्याच सायंकाळी सुरू करता येईल.